गिटारवाला पुण्याला गेला, आता अल्बमचं काय करावं?

तीन_कॉर्ड_पुरे

नमस्कार मंडळी. इथं जास्त करून गझल आणि नाट्यसंगीताचेच धागे निघतात, ते वाचत असतो. आज आपला प्रश्न जरा धांगडधिंग्याचाय, सांभाळून घ्या.

आमचा चौघांचा पंक रॉक बँड आहे, छत्रपती संभाजीनगरला. मी ड्रम वाजवतो. गाणी मराठीत, म्हणजे आपल्या इकडच्या मराठीत, काहून आणि जायलो वाली. विषय म्हणजे पाण्याचा टँकर, अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसलेली पोरं, सोयाबीनचा भाव, रात्री स्टँडवर न आलेली शेवटची गाडी, असं. अल्बमपुरती गाणी झाली, आता रेकॉर्डिंग करू म्हणलं आणि गिटारवाल्याला पुण्यात नोकरी लागली. भांडण नाही, तंटा नाही, गळ्यात पडून गेला. पण निम्म्याच्या वर रिफ, म्हणजे गिटारचे परत परत येणारे तुकडे, त्याचे आहेत, दोन-तीन गाण्यांची चाल पण त्याचीच.

आता आमच्यात तीन माणसं आणि तीन मतं. गाणारा म्हणतो डिट्टो त्याच्यासारखा वाजवणारा शोधा. बेसवाला म्हणतो कुणी नको, तिघातच उरकू. मी म्हणायलोय की त्याची गाणी बाजूला ठेवून नवीच करावीत, म्हणजे उद्या कुणी कुणाला काही बोलायला नको. कुणी या भानगडीतून गेलंय का? कोणत्याही प्रकारच्या संगीतातलं चालेल.

हलगी_बडवा

आमच्याकडं वरातीत बेंजोवाला अर्ध्या रस्त्यातून घरी गेला तरी वरात थांबत नाही, आणि तुम्ही अल्बम थांबवायलात व्हय?

सिडको_एन_सात

पुण्याला गेला म्हणजे वारला असं लिहिलंय तुम्ही. शनिवारी बोलवा की. सकाळी निघाला की दुपारच्या जेवणाला इथं.

तीन_कॉर्ड_पुरे

@सिडको_एन_सात शनिवारी येतो तो, पण आई सोडत नाही घरातून. आणि रविवारी दुपारपासूनच बॅग भरायला लागतो. दोन वेळा करून पाहिलं, गप्पाच जास्त झाल्या.

जुनी_कॅसेट

धागा पाहून बरं वाटलं. मी जालन्याचा, बँकेतून रिटायर झालेला माणूस, पण तरुणपणी मुंबईला पोस्टिंग असताना या गाण्यांच्या कॅसेटी गोळा करायचं वेड होतं, त्या अजून पेटीत आहेत.

भाऊ, तुमच्यावर आलीय ती वेळ पंकमधल्या जवळजवळ प्रत्येक नावाजलेल्या बँडवर आलेली आहे. सेक्स पिस्टल्सचंच घ्या. त्यांचा बेसवाला ग्लेन मॅटलॉक १९७७ च्या फेब्रुवारीत बाहेर पडला. अल्बम आला त्याच वर्षी ऑक्टोबरात. बारा गाणी, त्यातल्या दहा गाण्यांवर मॅटलॉकचं नाव आहेच. म्हणजे माणूस गेला, गाणी राहिली. आणि गंमत पुढंच आहे. त्याच्या जागी सिड व्हिशस घेतला, ज्याचे फोटो लोक अजून टीशर्टवर घालून फिरतात, पण त्याला बेस येत नव्हता म्हणून अल्बमवरचा बहुतेक बेस गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सनंच वाजवला.

मँचेस्टरच्या बझकॉक्सनं पाचशे पौंड उसने घेऊन स्वतःच चार गाण्यांची एक ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड काढली, जानेवारी १९७७ मध्ये, पहिल्या खेपेला फक्त हजार प्रती. ती बाजारात आली न आली तोच त्यांचा गाणारा हॉवर्ड डेव्होटो सोडून गेला. त्यांनी जाहिरात देऊन नवा गवई नाही शोधला. गिटारवाला पीट शेली गायला लागला, बेसवाला स्टीव्ह डिगल गिटारवर सरकला आणि बेसला नवा माणूस घेतला. मार्च १९७८ मध्ये पहिला पूर्ण अल्बम, आणि आज बझकॉक्स म्हणलं की लोकांना शेलीचाच आवाज आठवतो.

तिसरे डॅम्ड. पहिल्या दोन अल्बमची बहुतेक गाणी ब्रायन जेम्स या गिटारवाल्याची. तो गेला, १९७८ ला बँड मोडलाच. मग बाकीच्यांनी परत एकत्र येऊन बेसवाल्या कॅप्टन सेन्सिबलच्या हातात गिटार दिली आणि १९७९ च्या नोव्हेंबरात मशीन गन एटिकेट काढला. माझ्या मते त्यांचा सगळ्यात भारी अल्बम तोच.

म्हणून तुमच्या गाणाऱ्याला सांगा, डिट्टो माणूस शोधू नका. घरातली माणसं सरकवून पाहा आधी.

उगं_विचारलं

मी लातूरची, भावगीतं ऐकणारी. उगं विचारते, रागावू नका, पंक म्हणजे ते केस उभे करून ओरडतात तेच का? त्याला रियाज वगैरे लागतो का?

हलगी_बडवा

@उगं_विचारलं ताई, रियाज केसांना लागतो.

मिक्सर_गरम

@उगं_विचारलं ओरडतात पण आणि वाजवतात पण. सोपं करून सांगायचं तर गिटारवर सगळ्या तारा छेडत बसायचं नाही, बहुतेक वेळा दोन-तीन तारांवर फक्त षड्ज आणि पंचम दाबायचा, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. गंधार नसतो त्यामुळं आवाज कितीही फाडला तरी कचकच कमी होते. वेग प्रचंड, गाणं दोन-अडीच मिनिटांत खलास. रियाज लागतो तो दमाचा. याच्या मनगटाला विचारा, ड्रमवाल्याच्या.

उगं_विचारलं

अच्छा, सा आणि प. मग तर तानपुराच झाला की ओ.

मिक्सर_गरम

हसून हसून पुरेवाट. रागात असलेला तानपुरा. ताई तुम्ही जिंकलात.

काळा_कोट_परभणी

मूळ मुद्द्यावर येतो, कारण धागाकर्त्यांची खरी भीती मला दुसरीच दिसायलीय. ‘उद्या कुणी कुणाला काही बोलायला नको’ असं लिहिलंय त्यांनी.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात शब्द वेगळे आणि संगीत वेगळं. शब्द ज्यानं लिहिले त्याचा हक्क शब्दांवर, चाल ज्यानं बांधली त्याचा चालीवर. दोघातिघांनी बसून असं केलं असेल की कुणाचा तुकडा कोणता ते वेगळं काढताच येत नाही, तर तो संयुक्त हक्क. यासाठी कुठं नोंदणी करावीच लागते असं नाही, गाणं तयार होऊन टिपलं गेलं की हक्क आला. आणि माणूस बँड सोडून पुण्याला गेला म्हणून तो हक्क इथं ठेवून जात नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर लेखीच द्यावा लागतो, चहाच्या टपरीवर ‘वापरा रे तुम्ही’ म्हणलं ते हस्तांतरण नव्हे, फार तर परवानगी. शिवाय कलाकार म्हणून वाजवणाऱ्याचा पण हक्क आहे, म्हणजे त्यानं वाजवलेलं जुनं रेकॉर्डिंग तुम्ही तसंच अल्बमवर टाकणार असाल तर त्याची संमती पाहिजे.

तेव्हा गाणी फेकून द्यायची काही गरज नाही. एक साधा कागद करा. कोणत्या गाण्याला कुणाचे शब्द, कुणाची चाल, पैसे आले तर वाटणी कशी, नाव कुठं येणार. चौघांच्या सह्या. दोस्तीत कागद कशाला म्हणणारेच पुढं माझ्या टेबलासमोर बसलेले असतात.

हलगी_बडवा

वकीलसाहेब फी कुठं पाठवायची?

काळा_कोट_परभणी

अल्बम निघाल्यावर एक सीडी. कॅसेट निघाली तर जुनी_कॅसेट काकांना.

वाकडा_झेंडा

जुनी_कॅसेट काकांनी फक्त जिंकलेल्यांची नावं सांगितली. मी हरलेल्यांचं सांगतो. द क्लॅश.

१९८२ ला ड्रमर टॉपर हेडनला काढला, हेरॉइनच्या पायी. १९८३ ला गिटारवाल्या मिक जोन्सला काढला, ज्यानं निम्मी गाणी बांधलेली. मग दोन नवे गिटारवाले आणले आणि १९८५ ला कट द क्रॅप काढला. ऐकून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणायलोय. पुढच्याच वर्षी बँड संपला. आणि सरकवासरकवी सगळ्यांनाच जमते असं नाही. मिक जोन्स गेल्यावर क्लॅशमध्ये चाल बांधणारा माणूसच राहिला नाही, गाणारा जो स्ट्रमर उरला, पण तो शब्दांचा माणूस. तेव्हा प्रश्न गिटार कोण धरणार हा नाहीच, चाल कोण बांधणार हा आहे. तुमच्यात दुसरं कोण बांधतं? त्याचं उत्तर नसेल तर माझं स्पष्ट मत, अल्बमचा नाद सोडा, चार गाण्यांत उरका.

जुनी_कॅसेट

@वाकडा_झेंडा क्लॅशचं उदाहरण चांगलं दिलंत पण अर्धं दिलंत. तो अल्बम त्यांच्या मॅनेजरनं, बर्नी ऱ्होड्सनं, स्वतः प्रोड्यूस केला. जिताजागता ड्रमर पगारावर असताना ड्रम मशीन लावली. नवे दोघे गिटारवाले काही वाईट वाजवत नव्हते, पण बँडच्या खोलीत बँडचं कुणी ऐकत नव्हतं. आणि तरी त्यातलं धिस इज इंग्लंड हे गाणं आजही अंगावर येतं. ज्याला काढला त्या मिक जोन्सबरोबर स्ट्रमर पुढच्याच वर्षी परत कामाला बसला, जोन्सच्या नव्या बँडच्या दुसऱ्या अल्बमवर. माणूस गेल्यामुळं नाही बुडाले ते, गेलेल्या माणसाची जागा मॅनेजरनं बळकावल्यामुळं बुडाले.

वाकडा_झेंडा

काका, एवढं मान्य नाही. मॅनेजर बळकावतो कारण जागा रिकामी असते. पण ठीके, धिस इज इंग्लंडबद्दल भांडणार नाही.

तीन_कॉर्ड_पुरे

ड्रमर असताना ड्रम मशीन लावली?? हा धागा मी बँडच्या ग्रुपवर टाकणार होतो, आता नाही टाकत.

गोदाकाठ

मी नांदेडकडचा. आमच्या वस्तीत गायन पार्टी आहे, भीमगीतांची, चौदा एप्रिलच्या आगंमागं एक रात्र मोकळी नसते. पंक वगैरे मला काही कळत नाही पण तुम्ही कोणतंही संगीत चालेल म्हणलात म्हणून लिहितो.

आमचा मुख्य गाणारा सोडून गेला, दुसऱ्या पार्टीनं पळवला असंच म्हणा. आवाज असा की पांढरी पाचला गायचा आणि माईक लांब धरायचा. तो गेल्यावर पेटीवाल्यानं गायला घेतलं. पहिले कार्यक्रम अगदी पडले, कारण पेटीवाला त्याच पट्टीत, त्याच जागा घेत गाऊ पाहायचा आणि अंतऱ्यात गळा चिरायचा. लोक समोरून विचारायचे, आवं ते पहिले कुठं गेले? मग ढोलकीवाल्या मामांनी एक दिवस तालमीत पेटीच बंद केली आणि म्हणले तू बोलतो त्या पट्टीत गा. काळी दोनला आलं सगळं. आणि पट्टी खाली आली तसं ढोलकीचा पण बाज बदलला, ठेका जड झाला, कोरसवाल्यांना पहिल्यांदाच गाण्यात तोंड घालायला जागा मिळाली. तीच गाणी, पण बाया म्हणायला लागल्या की आता शब्द कळायलेत.

तुमच्या त्या शेली साहेबाचं वाचून हेच आठवलं.

जुनी_कॅसेट

@गोदाकाठ वा! एवढं नेमकं मला पुस्तकांत वाचायला मिळालं नाही.

अस्सल_मातीतला

एवढी शाहिरी, भारुड, जलसे, पोतराजाचा आसूड असताना पोरांनी इंग्लंडातल्या गोऱ्यांचे उभे केस कशाला डोक्यावर घ्यायचे, हेच मला कळत नाही. बंडखोरी शिकायला लंडनला जायचं? पैठणला जा.

वाकडा_झेंडा

पैठणला जाऊन नाथांचं भारुड ऐकलं तरी गिटारवाला पुण्यातच राहणार ना ओ.

अस्सल_मातीतला

थट्टा करा. मी म्हणायलो ते गंभीर आहे.

उगं_विचारलं

भाऊ, हार्मोनियम पण बाहेरूनच आली. आता भजनातून काढून दाखवा.

मिक्सर_गरम

धागा पेटायच्या आत कामाचं बोलतो. मी छोटा स्टुडिओ चालवतो, नव्वद टक्के काम भक्तिगीतं आणि डीजेवाल्यांचं, पण रॉकवाल्या पोरांचं पण केलंय.

तिघातच करायचं ठरलं तर स्टेजवर आणि रेकॉर्डिंगमध्ये फरक लक्षात घ्या. रेकॉर्डिंगमध्ये एकच माणूस तीच गिटार दोनदा वाजवू शकतो, एक डावीकडं टाकायची, एक उजवीकडं. कॉपी-पेस्ट नाही करायचं बरं का, खरंच दोनदा वाजवायचं, त्या बारीक फरकानंच आवाज रुंद होतो. स्टेजवर ते नाही. तिथं गिटार थांबली की मधे खड्डा पडतो. तो भरायला बेस थोडा फाडा. मोटरहेड बँडचा लेमी बेस गिटारसारखा फोडायचा, तिघांत डोंगर उभा करायचे ते. पण बेसचा खालचा स्वच्छ आवाज वेगळा घ्या आणि फाटका वेगळा, नाहीतर नुसता चिखल होईल.

ड्रमसाठी कुणाचं तरी गोडाऊन बघा. मंगल कार्यालय फुकट मिळालं तरी नको, नुसता घुमतो आवाज, झांजेचा आवाज मिनिटभर फिरत बसतो. आणि कृपा करून भिंतीला अंड्याचे ट्रे लावू नका. त्यानं वरचा चरचराट थोडा मरतो, बाहेर जाणारा आवाज तसूभर कमी होत नाही, शेजारी येणार ते येणारच. गाद्या, गोधड्या, सतरंज्या टांगा, त्या खरंच काम करतात. गाणाऱ्याला गोधड्यांच्या कोपऱ्यात उभं करा. उन्हाळ्यात करणार असाल तर पहाटे करा, पंखा लावता येत नाही रेकॉर्डिंगला आणि दुपारी तो गोधडीत शिजेल.

क्लिकवर, म्हणजे कानात ठोक्याची टिकटिक लावून, वाजवायचं का नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पुण्यातून कुणी नंतर गिटार पाठवणार असेल तर मात्र क्लिक पाहिजेच, नाहीतर जुळवता जुळवता मी म्हातारा होईन.

हिंजवडीचा_कैदी

इतका वेळ वाचत होतो. मी गेलेल्यांपैकी आहे. बीडचा, कीबोर्ड वाजवायचो, नोकरीसाठी पुण्यात आलो. धागाकर्त्यांचा मित्र मी नाही, आधीच सांगतो.

इकडून कसं दिसतं ते लिहितो. पहिले काही महिने ग्रुपवर व्हिडिओ यायचे तालमीचे, मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन पाहायचो. मग त्यांनी ग्रुप नवा केला. मग एक दिवस गाणं यूट्यूबवर दिसलं. चाल माझी, इंट्रोचा तुकडा माझा, आणि खाली नावं तिघांचीच. पैशाचा प्रश्नच नव्हता, त्या गाण्यानं कुणाला वडापावचे पैसे मिळाले नसतील. मी फोन पण नाही केला. त्यांनी पण नाही केला. गावाकडं गेलो की त्यातल्या एकाच्या दुकानावरून जातो, हात करतो, पुढं जातो.

वकीलसाहेबांचा कागद करा, पण त्याच्या आधी फोन करा. आणि ‘तू गेला म्हणून’ असं वाक्य त्या फोनमध्ये आणू नका. आपल्याकडं जातो तो हौसेनं जातो का?

जुनी_कॅसेट

@हिंजवडीचा_कैदी वाचून थांबलो जरा. रमोन्सचं सांगतो. १९७८ ला टॉमीनं ड्रम सोडले, दौऱ्यांना कंटाळून, पण पुढचा अल्बम रोड टू रुइन प्रोड्यूस करायला तोच बसला, त्याच्या जागी मार्की वाजवत असताना. आणि १९८९ ला त्यांचा बेसवाला डी डी बाहेर पडला, तरी १९९२ च्या अल्बममध्ये त्याची गाणी आहेत, नावासकट. त्या बँडात आपसांत बोलणं बंद असलेली माणसं होती, तरी एवढं पाळलं.

नवीन_पोरगं

ब्लिंक १८२ कुणी कसं नाही घेतलं अजून? २०१५ ला त्यांचा गिटारवाला टॉम सोडून गेला, मॅट स्किबाला घेऊन २०१६ ला कॅलिफोर्निया काढला, अमेरिकेत सरळ एक नंबरला. आणि २०२२ ला टॉम परत आला, पुढच्या वर्षी अल्बम पण आला. काका लोकांचे बँड भारी असतील पण आमच्या पिढीचं पण सांगा की.

जुनी_कॅसेट

सांगितलंस ना तू, बास. ऐकतो. (कॅसेटवर मिळेल का?)

सिडको_एन_सात

मला एक कळंना, आजकाल अल्बम ऐकतं कोण? एक गाणं सोडा, तीस सेकंदांचं रील करा, मोकळे व्हा.

वाकडा_झेंडा

रमोन्सचा पहिला अल्बम, १९७६, चौदा गाणी आणि एकूण वेळ एकोणतीस मिनिटं. सिडको ते वाळूज जाईपर्यंत अख्खा ऐकून होतो, ट्रॅफिक धरून. ऐकणारे ऐकतात. मी वर चार गाण्यांत उरका म्हणलं होतं, पण एवढाच अल्बम असेल तर करा.

तीन_कॉर्ड_पुरे

सगळ्यांचे आभार, इतकं वाचायला मिळेल वाटलं नव्हतं. काल रात्री तिघं बसलो, वाकडा_झेंडा भाऊंचा प्रश्न मधे ठेवला की चाल कोण बांधतो. शांतता झाली आधी. मग बेसवाल्यानं मोबाईल काढला, त्यात त्यानं गुपचूप टिपलेल्या चाली निघाल्या, कधी बोललाच नव्हता, कारण गिटारवाल्यासमोर काय बोलायचं म्हणे. त्यातल्या दोन तर घ्यायच्याच आहेत.

ठरलं असं की बेसवाला गिटारवर सरकणार, गाणारा बेस धरणार. गाता गाता वाजवायचा म्हणून तो साधाच वाजवणार, आणि गाणं मंदावलं तर मी ड्रमवरून ओढून नेईन. गोदाकाठ भाऊंचं वाचून दोन गाण्यांची पट्टी खाली घेतली, कारण आधी गिटारला सोयीची होती म्हणून गाणारा बिचारा ताणत होता. आता ती दोन्ही गाणी जरा गुरगुरायलीत, मला आवडली. गिटारवाल्याची पाच गाणी राहणार. स्टँडवाल्या गाण्याचा त्याचा सोलो मात्र काढला, आमच्याच्यानं वाजत नाही आणि नक्कल करावी वाटत नाही. त्या जागी नुसता ड्रम आणि मागून ‘गाडी आली का?’ असं तिघांनी ओरडायचं.

त्याला फोन केला. सोलो काढला सांगितलं तर पाच मिनिटं शिव्या दिल्या, मग म्हणला ओरडायला मला पण बोलवा. कागदावर सही करतो म्हणलाय. क्लिकवर एक गाणं पाठवतो पण म्हणलाय, ते कितपत खरं माहीत नाही.

काळा_कोट_परभणी

कागदाचा मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवतो. पाच गाण्यांची नावं आणि त्यात चाल पूर्ण त्याची का अर्धी, ते आधी आपसांत नक्की करा. ‘सगळ्यांनी मिळून’ असं मोघम लिहू नका.

अस्सल_मातीतला

‘गाडी आली का’ वाल्या जागेला ड्रमबरोबर संबळ घेऊन बघा. आमच्या गल्लीत एक गोंधळी आहेत, विचारून देतो.

तीन_कॉर्ड_पुरे

@अस्सल_मातीतला दादा, खरंच विचारा. पण आमचा वेग फार आहे हे त्यांना आधी सांगा.

अस्सल_मातीतला

तुमचा वेग फार आहे? तुम्ही संबळ ऐकलाय का कधी जवळून?

मिक्सर_गरम

संबळ येणार असेल तर एक माईक जास्त आणतो. गोडाऊन मिळालं का ते सांगा, आणि तिथं लाईट कोणत्या वाराला जाते ते आधी विचारून ठेवा.